ताम्हिणीचा पाऊस मारवाडात

२५ जुलै २०२४ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी मुठेचं पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरलं, त्यामुळे तो दिवस पुणेकरांच्या चांगलाच लक्षात आहे. मला या एका आकड्याच्या मागे जायचं आहे. घाटमाथ्यावरचे असे आकडे शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कचेरीत जमतात. जुने पुणेकर तिला अजून सिमला ऑफिस म्हणतात. पुढे ते पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, जलसंपदा विभागात, एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर किंवा परदेशातल्या संशोधकाकडे जातात. प्रत्येक मुक्कामी यंत्र वेगळं, प्रोग्रॅम वेगळा आणि वाचणारा वेगळा. इतक्या हातांतून गेल्यावरही ५५६ चा अर्थ ५५६ च राहायचा असेल, तर काय काय सांभाळावं लागतं?

सुरुवात अगदी तळापासून करू. संगणकाच्या साठवणुकीतला खण म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. ५५६ एका खणात बसत नाही, म्हणून दोन खण लागतात. दोनशे छप्पन्नचे दोन गठ्ठे आणि वर उरलेले ४४, म्हणजे एका खणात २ आणि दुसऱ्यात ४४. इथवर सगळी यंत्रं एकमताची. मतभेद आहे तो दोनांतला कुठला खण आधी ठेवायचा यावर. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० घराण्यातली मोठी यंत्रं, मोटोरोलाची ६८००० ही चिप, सन कंपनीची स्पार्क यंत्रं ही सगळी आधी २ ठेवत आणि मग ४४. इंटेलच्या चिप आधी ४४ ठेवतात आणि मग २. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर चालत असे. तोही लहान खण, म्हणजे उरलेल्या सुट्यांचा खण, आधी ठेवणाऱ्यांतला.

मराठी माणसाला हा वाद समजायला कठीण जाऊ नये, कारण आपण तो २०१९ साली घरोघरी घातला आहे. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत दिली आणि महाराष्ट्रभर चर्चा उसळली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की आपण २७ लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो, त्यात लहान मुलं गोंधळतात. दोन्ही रीतींत संख्या एकच आहे आणि दोन्हींत चूक काही नाही. ऐकणाऱ्याला एकक आधी येणार की दशक, एवढं मात्र आधीच माहीत असावं लागतं.

संगणकाच्या जगात या भांडणाला नाव दिलं डॅनी कोहेन यांनी, १ एप्रिल १९८० च्या एका टिपणात. स्विफ्टच्या १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडं मोठ्या टोकाकडून फोडावं की लहान, यावरून लढाया होतात. त्यावरून कोहेन यांनी दोन्ही पक्षांना बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हटलं. त्यांचा निष्कर्ष मला आजही पटतो: कुठली रीत चांगली हा प्रश्न गौण आहे, सगळ्यांनी मिळून एक ठरवणं महत्त्वाचं आहे.

नाही ठरवलं तर काय होतं? एका यंत्रानं २, ४४ असं लिहिलं आणि दुसऱ्यानं ते आपल्या रीतीनं वाचलं, तर ४४ गुणिले २५६ अधिक २ म्हणजे ११,२६६ होतात. एका दिवसात अकरा मीटर पाऊस. हे पाहून कोणीही थांबेल, फाइल पुन्हा तपासेल. जी चूक आरडाओरडा करते ती सापडते. पण दुसरं उदाहरण घ्या. जूनच्या आरंभी एखाद्या दिवशी १ मिलिमीटर भुरभुर झाली. दोन खणांत ती ०, १ अशी लिहिली आणि उलटी वाचली गेली, तर २५६ होते. २ मिलिमीटरचे ५१२ होतात. आणि खरोखर २५६ मिलिमीटर कोसळले असतील, तर वाचणाऱ्याला १ दिसतो. सोलापूरला दिवसाला २५६ मिलिमीटर दिसले असते तर कारकुनानंही शंका घेतली असती. ताम्हिणीला जुलैत कोण शंका घेणार? जिथं निसर्गच टोकाचा आहे तिथं चुकीचा आकडाही खरा वाटतो, आणि डोळ्यांनी चाळून चूक पकडायची आपली नेहमीची रीत तिथं उपयोगी पडत नाही. म्हणून घाटमाथ्याच्या आकड्यांसाठी फाइलीची मांडणी मैदानातल्यापेक्षा जास्त काटेकोर हवी, असं माझं मत आहे.

ही झाली पूर्णांकाची गोष्ट. पाऊस दशांशांत मोजतात, आणि दशांशवाली संख्या ठेवायची रीत तर याहून घोटाळ्याची होती. आयबीएमची एक, डेकच्या व्हॅक्स यंत्रांची दुसरी, क्रे कंपनीच्या महासंगणकांची तिसरी. दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेला क्रे एक्स-एमपी चौसष्ट बिटांत, म्हणजे आठ बाइटांत, स्वतःच्या पद्धतीनं संख्या ठेवत असे. ती जशीच्या तशी दुसऱ्या यंत्राला दिली तर त्याला काही उमगत नसे. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानं संख्येचं चिन्ह, घातांक आणि अंक कुठल्या बिटांत ठेवायचे ते ठरवून दिलं, आणि हळूहळू सगळ्यांनी ते मानलं. तरीही बाइटांचा क्रम त्यानं ठरवला नाही. या पद्धतीत ५५६ चार बाइटांत लिहून उलट क्रमानं वाचले, तर दशांशचिन्हापुढे एकेचाळीस शून्यं आणि मग चार एवढी संख्या हाती येते. म्हणजे शून्यच. पूर्णांक म्हणून उलटला तर अकरा मीटर, दशांश म्हणून उलटला तर टिपूसही नाही. बाइट मात्र एकही हरवलेला नाही. फाइल पोहोचली, शाबूत पोहोचली, आणि पाऊस गेला.

या सगळ्या प्रश्नाचा गाभा मला इथं दिसतो. फाइलीत आकडा असतो, पण त्या आकड्याचा अर्थ लागायला जे माहीत असावं लागतं ते अनेकदा फाइलीबाहेर असतं: लिहिणाऱ्याच्या डोक्यात, त्याच्या यंत्राच्या घडणीत, कचेरीच्या रिवाजात. व्याकरणात ज्याला आपण अध्याहृत म्हणतो, तसं ते अध्याहृत राहतं. एकाच कचेरीत, एकाच यंत्रावर, त्याच माणसांमध्ये अध्याहृत भाग कोणाला जाणवतही नाही. फाइल दारातून बाहेर पडली की तोच भाग मागे राहतो. कुठल्याही संगणकावर चालणारी मांडणी करायची म्हणजे अध्याहृत काय काय आहे ते एकेक करून शोधायचं आणि फाइलीत आणून ठेवायचं.

यंत्रापुरतं हे काम १९८० च्या दशकातच झालं. दहा प्रकारची यंत्रं असतील आणि प्रत्येकानं बाकी नऊ जणांची रीत शिकायची ठरवली, तर नव्वद रूपांतरं लिहावी लागतात. मधे एकच ठरीव रूप मानलं, तर प्रत्येकाला आपल्याकडून त्या रूपात आणि त्या रूपातून आपल्याकडे अशी दोन, म्हणजे एकूण वीस पुरतात. सन कंपनीनं १९८७ मध्ये जाहीर केलेली एक्सडीआर ही मांडणी याच विचाराची: मोठा खण आधी, दशांश आयईईई पद्धतीनं, प्रत्येक गोष्ट चार बाइटांच्या पटीत. तिच्यावर आक्षेप असा होता की दोन इंटेल यंत्रं एकमेकांशी बोलतानाही विनाकारण दोनदा उलटापालट करतात. आक्षेप खरा आहे, पण उलटापालटीला लागणारा वेळ नगण्य आहे आणि चुकीचा अर्थ लागण्याची किंमत फार मोठी आहे. या सौद्यात मी नेहमी एक्सडीआरच्या बाजूचा.

आज जवळजवळ सगळे लॅपटॉप आणि मोबाइल लहान खण आधी ठेवणारेच आहेत. त्यामुळे नव्या प्रोग्रॅमरांना वाटतं की हा प्रश्न इतिहासजमा झाला. त्यांना मी हवामान खात्याचीच एक फाइल उघडून दाखवीन.

पुण्याच्या हवामान खात्यानं १९०१ पासूनच्या भारतातल्या रोजच्या पावसाची एक चौकटजाळी तयार केली आहे. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींतून ती बनली. पाव-पाव अंशावर एक बिंदू. पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९. म्हणजे दिवसाला १७,४१५ संख्या. प्रत्येक संख्येला चार बाइट, वर्षाची एक फाइल. हा देशाचा मोठा ठेवा आहे आणि तो सर्वांना खुला आहे, याबद्दल खात्याचे आभारच मानले पाहिजेत. ही फाइल दोन रूपांत मिळते. त्यांतलं एक रूप निव्वळ संख्यांची रांग आहे. सुरुवातीला नाव नाही, तारीख नाही, एकक नाही, काही नाही. पहिली संख्या ६.५ उत्तर अक्षांश आणि ६६.५ पूर्व रेखांशावरची, दुसरी त्याच्या पूर्वेला पाव अंशावरची, ओळ संपली की पाव अंश उत्तरेला. हे कुठं लिहिलंय? सोबतच्या कागदात. फाइलीत नाही.

आता ताम्हिणी शोधू. तिला सर्वांत जवळचा बिंदू १८.५ उत्तर, ७३.५ पूर्व. दक्षिणेकडून मोजत गेलं तर ही एकोणपन्नासावी ओळ, आणि ओळीतली एकोणतिसावी संख्या. म्हणजे दिवसाच्या रांगेतली ६,५०९ वी. (तिथं ५५६ मिळणार नाहीत. आसपासच्या केंद्रांवरून हिशेबानं काढलेली ही सरासरी आहे, घाटाचा उंचसखल पाऊस तीत सपाट होतो. पण ती वेगळी गोष्ट.) नकाशे आणि छायाचित्रं बहुधा वरून खाली, उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिलेली असतात. त्या सवयीनं कोणी ही फाइल वरून खाली वाचली, तर एकोणपन्नासावी ओळ २६.५ उत्तर अक्षांशाची ठरते. तिथली एकोणतिसावी संख्या जोधपूरच्या ईशान्येला पन्नासेक किलोमीटरवर पडते. ताम्हिणीचा पाऊस मारवाडात! बाइटांचा क्रम बरोबर, दशांशाची रीत बरोबर, यंत्र तेच, आणि तरीही डोंगराचं पाणी वाळवंटात.

याच जातीची आणखी एक चूक मी वरचेवर पाहतो. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, मग रेखांश. जिओजेसन नावाची नकाशांसाठीची मांडणी रेखांश आधी मागते. अदलाबदल झाली तर ताम्हिणी नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन बसते.

त्या चौकटजाळीत देशाबाहेरच्या बिंदूंवर उणे ९९९ ही संख्या भरलेली आहे. अर्थ असा की इथं नोंद नाही. ज्याला हे माहीत नाही त्याचा प्रोग्रॅम ती पावसात मिळवतो आणि सरासरी उणे येते. उणे पाऊस निदान डोळ्यांत तरी खुपतो. त्याहून घातक रिवाज म्हणजे नोंद नसेल तिथं शून्य लिहिणं. मुसळधार पावसात वीज जाते, मापकाचा संपर्क तुटतो, म्हणजे सर्वांत मोठ्या पावसाच्या दिवशीच नोंद हुकण्याची शक्यता जास्त. तिथं शून्य पडलं की तो दिवस कोरडा ठरतो. शिवाय पाऊस पडला पण मोजण्याइतका नव्हता, अशीही एक अवस्था असते. पाऊस नाही, नावापुरता आला आणि मोजलाच नाही, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि फाइलीत त्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

जागतिक हवामान संघटनेच्या बफर या मांडणीत हे फार विचारानं केलेलं आहे. चोवीस तासांच्या पावसासाठी तिथं चौदा बिट राखून ठेवलेत. मिलिमीटरला दहानं गुणायचं, एक मिळवायचा आणि ती संख्या चौदा बिटांत लिहायची, म्हणजे ताम्हिणीचे ५५६ तिथं ५,५६१ होतात. शून्य लिहिलं तर अर्थ नावापुरता पाऊस, एक लिहिला तर पाऊस नाही, आणि सगळे बिट १ असले तर नोंद नाही. हा खुलासा ज्या कोष्टकात आहे त्याची आवृत्ती प्रत्येक संदेश सोबत सांगतो. आता गणित करून पाहा: चौदा बिटांत जास्तीत जास्त १,६३८.१ मिलिमीटर मावतात. जानेवारी १९६६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर फॉक-फॉक इथं चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला. तो जागतिक विक्रम आहे आणि तो या खणात मावत नाही. अशा वेळी खण रुंद करायची सोय बफरनं ठेवली आहे. प्रत्येक मांडणी जगाबद्दल काही गृहीत धरते, आणि जगाला ते माहीत नसतं. ताम्हिणीसारख्या गावांनी हे गृहीतक तपासून घेतलेलं बरं.

तारखेचंही तसंच. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईत कोणाला विसरता येईल? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पण हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि ज्या तारखेला संपतो त्या तारखेवर पाऊस टाकला जातो. त्यामुळे तो आकडा २७ जुलैच्या नावावर आहे. उपग्रहावरून काढलेला पाऊस बहुधा जागतिक वेळेनुसार मध्यरात्री ते मध्यरात्र मोजतात, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. 'तारीख' असं एकच शीर्षक दोन्ही फाइलींत असतं, आत दिवस मात्र दोन वेगळे. त्यात स्प्रेडशीटनं ०५/०७ ही तारीख अमेरिकी रीतीनं वाचली, की ५ जुलैचा पाऊस ७ मे ला जातो. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे ही चूक होत नाही, म्हणून महिन्याचा उत्तरार्ध ठीक दिसतो आणि पूर्वार्ध वर्षभर विखुरतो. २०२४-०७-०५ असं वर्ष आधी लिहिणारं आयएसओ ८६०१ मानक १९८८ पासून उपलब्ध आहे. ते न वापरण्याला मला काही कारण दिसत नाही.

गावाच्या नावाचीही हीच कथा. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप केला त्याच फाँटमध्ये वाचता येई. दुसऱ्या संगणकावर 'ताम्हिणी'च्या जागी रोमन अक्षरांचा चुरा दिसे. आता या नावाचे आठ युनिकोड अंक जगात सगळीकडे तेच आहेत, आणि यूटीएफ-८ या मांडणीत त्यांचे चोवीस बाइट होतात. कुठला बाइट आधी, हा प्रश्न तिथं येतच नाही, कारण क्रम मांडणीतच ठरलेला आहे.

हवामान खात्याची तीच चौकटजाळी दुसऱ्या रूपातही मिळते: नेटसीडीएफ. अमेरिकेतल्या बोल्डरच्या युनिडेटा या केंद्रानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही मांडणी घडवली आणि तिचं मूळ रूप एक्सडीआरवर उभं आहे. तिच्यात संख्यांच्या आधी त्यांचा खुलासा येतो. अक्षांश कुठले आणि कुठल्या क्रमानं, दिवस कधीपासून मोजलेत, एकक मिलिमीटर, नोंद नसेल तिथं कुठली संख्या, हे सगळं त्याच फाइलीत ठेवायला जागा आहे. वाचणारा प्रोग्रॅम ६,५०९ वी संख्या मागत नाही, '१८.५ उत्तर, ७३.५ पूर्व' मागतो. त्यामुळे ओळी वरून लिहिल्या काय आणि खालून लिहिल्या काय, ताम्हिणी ताम्हिणीतच राहते. मात्र जागा आहे म्हणून ती भरली जातेच असं नाही. एकक रिकामं सोडलेल्या नेटसीडीएफ फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ती जबाबदारी लिहिणाऱ्यावरच राहते.

मुळशी-मावळात पावसाच्या वह्या ठेवणाऱ्या शाळा आहेत, शेतकरी आहेत, धरणांवरचे कर्मचारी आहेत, आणि त्या वह्या आता संगणकावर चढत आहेत. तुमच्याकडे हे काम आलं असेल तर एवढं करा. मोजणीचं एकक, किती वाजता मोजलं, दिवस कुठल्या तारखेवर टाकला, नोंद हुकली तिथं काय लिहिलं, मापक कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहे आणि मधे जागा बदलली का, हे सगळं त्याच फाइलीत, पहिल्या संख्येच्या आधी लिहा. वेगळ्या कागदावर नको, सोबतच्या ईमेलमध्ये नको. आणि वहीतला जो दिवस कोरा आहे तो कोराच ठेवा, तिथं शून्य भरू नका.